अर्धे असत्य : सार्वभौमत्व, युरोप आणि निवडणुकीपूर्वीचे मौन

१

जुलै १९७१ मध्ये ब्रिटिश शासनाने युरोपीय समुदायातील प्रवेशासंबंधी एक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. या प्रवेशामुळे मूलभूत राष्ट्रीय सार्वभौमत्वाची झीज होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे तीत म्हटले होते. जे योजिले आहे ते निरनिराळ्या राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाचे सर्वांच्या हितासाठी केलेले सहभाजन व विस्तार होय, असेही त्याला जोडूनच म्हटले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल मिळाल्यानंतर, ब्रिटिश शासनाने दुसरी श्वेतपत्रिका काढली. सदस्यत्वाच्या संपूर्ण काळात आपली संसद सार्वभौमच होती, परंतु तसे नेहमीच जाणवत नव्हते, असे विधान तीत आढळते.

ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. पहिल्या विधानाचा सारा भार 'मूलभूत' या विशेषणावर आहे. कोणते सार्वभौमत्व मूलभूत, कोणते नव्हे आणि हा विवेक कोणी करावयाचा, याविषयी ते काहीच सांगत नाही. दुसऱ्या विधानाचा भार 'जाणवणे' या क्रियापदावर आहे. वस्तू हरवली नव्हती, केवळ ती हरवल्याची जाणीव होत होती, असा त्याचा आशय. वस्तू हरवली नसेल तर ती हरवल्याची जाणीव लक्षावधी लोकांच्या ठायी कशी निर्माण झाली? आणि हरवली असेल तर ती देताना देणाऱ्याला तसे सांगितले गेले होते काय?

सार्वभौमत्वाचे विभाजन इष्ट की अनिष्ट, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तो वाद राज्यशास्त्राचे अभ्यासक अधिक अधिकाराने करू शकतील. येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न निराळा व नैतिक स्वरूपाचा आहे. ज्याला उत्तर देणे प्राप्त आहे त्याने नेमक्या प्रसंगी मौन पाळले, तर ते मौन असत्य ठरते काय? मौनाचे अर्थ लावणे हा समीक्षेचा जुनाच व्यवसाय असल्याने या प्रश्नाकडे साहित्याच्या अभ्यासकानेही वळावयास हरकत नसावी.

२

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'सार्वभौम' हा शब्द 'सर्वभूमी'पासून पाणिनीय नियमाने सिद्ध होतो. सर्व भूमीचा जो ईश्वर तो सार्वभौम. या अर्थाने सार्वभौम एका वेळी एकच असू शकतो. आधुनिक राज्यव्यवहारात मात्र आपण हा शब्द जवळजवळ उलट अर्थाने योजतो. स्वतःच्या सीमेच्या आत अंतिम आणि सीमेबाहेर इतरांच्या बरोबरीची, अशी सत्ता आपल्याला अभिप्रेत असते. ज्याँ बोदँ याने १५७६ मध्ये जी संकल्पना मांडली तीत ही सत्ता निरपेक्ष, शाश्वत आणि अविभाज्य होती. ती राजाच्या ठायी वसत असे. रूसोने १७६२ मध्ये ती लोकांच्या ठायी आणली. इंग्रज लोक स्वतःला स्वतंत्र समजत असले तरी ते पार्लमेंटचे सभासद निवडण्याच्या काळापुरतेच स्वतंत्र असतात, असा टोलाही त्याने त्याच ग्रंथात लगावला होता. हा टोला आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सार्वभौम जनतेचे सार्वभौमत्व प्रत्यक्षात येण्याचा क्षण जर निवडणुकीचाच असेल, तर त्या क्षणी काय बोलले जाते आणि काय बोलले जात नाही, याला केवळ प्रचारतंत्राचे महत्त्व उरत नाही.

१९५७ च्या रोम कराराने सहा राष्ट्रांनी जो समुदाय स्थापन केला, त्याचे उद्दिष्ट युरोपीय जनसमूहांमधील उत्तरोत्तर दृढ होत जाणारे ऐक्य हे होते, आणि ते कराराच्या प्रास्ताविकातच नमूद होते. १९६४ मध्ये समुदायाच्या न्यायालयाने सामुदायिक कायदा हा सभासद-राष्ट्रांच्या कायद्याहून वरचढ असल्याचे ठरविले. तात्पर्य, १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन समुदायात दाखल झाले तेव्हा या तत्त्वाला नऊ वर्षे होत आली होती. ज्या विधेयकाने हा प्रवेश कायद्यात उतरला, त्याचे दुसरे वाचन हाऊस ऑफ कॉमन्समध्ये अवघ्या आठ मतांच्या आधिक्याने संमत झाले होते. पुढे स्पॅनिश मालकीच्या मासेमारी नौकांच्या नोंदणीवरून वाद उद्भवला आणि १९९० मध्ये फॅक्टरटेम खटल्यात ब्रिटिश न्यायालयाला पार्लमेंटने १९८८ मध्ये केलेल्या कायद्याचा अंमल थांबवावा लागला. जे १९७२ च्या कायद्याच्या कलमांत होते ते १९९० मध्ये प्रत्ययाला आले.

येथे माझी भूमिका स्पष्ट करणे इष्ट ठरेल. खंडीय ऐक्याची कल्पना मला मोलाची वाटते. एकाच शतकात दोनदा परस्परांची तरुण पिढी कापून काढणाऱ्या राष्ट्रांनी कोळसा आणि पोलाद यांच्या सामायिक व्यवस्थेपासून आरंभ करून युद्ध अशक्य करून टाकावे, ही विसाव्या शतकातील दुर्मीळ अशी विवेकाची कृती होती. म्हणूनच मौनाचा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. वाईट हेतूने पाळलेल्या मौनाचा निषेध करणे सोपे असते. चांगल्या हेतूने पाळलेल्या मौनाचे काय करावयाचे, हा खरा पेच आहे.

३

डिसेंबर १९६० मध्ये ब्रिटनचे तत्कालीन लॉर्ड चॅन्सेलर किलमुर यांनी युरोपविषयक वाटाघाटींचे काम पाहणारे मंत्री एडवर्ड हीथ यांना एक पत्र लिहिले. किलमुर प्रवेशाच्या बाजूचेच होते. तरीही, करारामुळे सार्वभौमत्वाचा जो त्याग करावा लागेल तो गंभीर स्वरूपाचा आहे, हे आक्षेप आताच उघडपणे लोकांसमोर आणावयास हवेत, आज त्यांवर सारवासारव केली तर विरोधक पुढे त्यांचा अधिक घातक उपयोग करतील, असे त्यांनी बजावले. पत्र मिळालेले हीथ दहा वर्षांनी पंतप्रधान झाले. १९७१ ची श्वेतपत्रिका त्यांच्याच शासनाची.

१९७० च्या निवडणुकीत तिन्ही प्रमुख पक्ष प्रवेशाच्या प्रयत्नाला अनुकूल होते. हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात बांधीलकी केवळ वाटाघाटी करण्याची होती, त्याहून कमी नाही आणि अधिकही नाही. मतदाराने प्रवेशाच्या प्रश्नावर कौल दिला असे म्हणता येत नाही, कारण तो प्रश्न त्याच्यापुढे ठेवलेलाच नव्हता. पुढे मजूर पक्षाच्या शासनाने ५ जून १९७५ रोजी सार्वमत घेतले आणि ६७.२ टक्के मतदारांनी समुदायात राहण्याच्या बाजूने मत दिले. त्या वेळी जवळजवळ सर्व राष्ट्रीय दैनिके एकाच बाजूला होती.

मौनाचे अधिक शुद्ध उदाहरण १९९२ चे आहे. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्ट करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. या कराराने युरोपीय संघ निर्माण केला, संघाचे नागरिकत्व ही नवी संकल्पना आणली आणि सामायिक चलनाचा मार्ग आखून दिला. अवघ्या दोन महिन्यांनी, ९ एप्रिल रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. वृत्तपत्रे त्या निवडणुकीत गप्प होती असे मुळीच नव्हे. कर, मजूर पक्षाचा पर्यायी अर्थसंकल्प, आरोग्यसेवा आणि किनक यांचे व्यक्तिमत्त्व यांवर त्यांनी रणधुमाळी माजविली. मतदानाच्या दिवशी 'सन' या दैनिकाचे पहिले पान किनक यांच्या थट्टेला वाहिलेले होते. मास्ट्रिख्ट करार मात्र प्रचाराच्या कडेलाच राहिला. निवडणुकीनंतर आठ आठवडेही उलटले नाहीत तोच २ जून रोजी डेन्मार्कच्या मतदारांनी ५०.७ टक्के मतांनी तो करार नाकारला, आणि ज्या विषयाला निवडणुकीत स्थान मिळाले नव्हते त्याच विषयावर ब्रिटिश पार्लमेंट वर्षभर दुभंगले.

हे मौन कटाने घडले असे मानण्याचे कारण नाही. त्याची यंत्रणा अधिक साधी होती. ब्रिटनमधील नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्यावर निःपक्षपातीपणाचे बंधन असते, आणि व्यवहारात निःपक्षपातीपणा पक्षापक्षांतील अंतराने मोजला जातो. तिन्ही प्रमुख पक्ष एकाच बाजूला असले की दुसरी बाजू उरत नाही, आणि दुसरी बाजू नसली की विषयही उरत नाही. शिवाय सामायिक चलनापासून ब्रिटनने सवलत मिळविलेली असल्याने हा प्रश्न आपल्यापुरता मिटला आहे, असेही मानले जात होते. परिणामतः ज्या प्रश्नावर नेत्यांचे मतैक्य सर्वांत घट्ट, त्याच प्रश्नावर मतदाराला सर्वांत कमी ऐकावयास मिळाले.

२००५ मध्ये मौनाने आणखी एक रूप घेतले. युरोपसाठी संविधान निर्माण करणारा करार २९ ऑक्टोबर २००४ रोजी रोम येथे स्वाक्षरित झाला होता. ब्रिटनमध्ये त्यावर सार्वमत घेण्याचे आश्वासन दिले गेले होते. त्यामुळे ५ मे २००५ च्या निवडणुकीत त्याची चर्चा करण्याचे प्रयोजनच नाहीसे झाले. २९ मे रोजी फ्रान्सने ५४.७ टक्के आणि १ जून रोजी नेदरलँड्सने ६१.५ टक्के मतांनी करार फेटाळला आणि ब्रिटनमधील सार्वमत बारगळले. त्या कराराचा बराचसा आशय १३ डिसेंबर २००७ च्या लिस्बन करारात पुन्हा अवतरला. मूळ मसुदा तयार करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनीच ऑक्टोबर २००७ मध्ये लिहिले की हत्यारे तीच आहेत, पेटीतील त्यांचा क्रम तेवढा बदलला आहे. परंतु हे 'संविधान' नव्हे, सबब सार्वमताचे आश्वासन लागू होत नाही, अशी भूमिका ब्रिटिश शासनाने घेतली. सार्वमत होणार म्हणून निवडणुकीत चर्चा नाही, आणि नाव बदलले म्हणून सार्वमत नाही.

४

या मौनाचे मूल्यमापन करण्यापूर्वी मौनामौनांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा.

एक मौन कायद्याने लादलेले असते. भारतात मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास जाहीर सभा आणि दूरचित्रवाणीवरील प्रचार यांना मनाई असते. फ्रान्समध्ये रविवारच्या मतदानापूर्वी शुक्रवारी मध्यरात्री प्रचार थांबतो. हे मौन चर्चेनंतरचे आहे. सर्वांचे सर्व काही ऐकून झाल्यावर मतदाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा, हा त्याचा हेतू. आपण ज्या मौनाचा विचार करीत आहोत ते चर्चेनंतर येत नाही, चर्चेच्या जागी येते.

दुसरे मौन वाङ्मयीन आहे. काव्यातील श्रेष्ठ अर्थ वाच्य नसतो, तो सुचविलेला असतो, हा आनंदवर्धनाचा सिद्धान्त मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. मग राजकीय मजकुरातील न सांगितलेल्या अर्थालाही व्यंजना का म्हणू नये? याचे उत्तर आनंदवर्धनाच्या दिव्याच्या दृष्टान्तातच मिळते. प्रकाश हवा असणारा माणूस जसा दिव्याची जपणूक करतो, तसा व्यंग्यार्थाचा अर्थी वाच्यार्थाची जपणूक करतो. व्यंजनेत वाच्यार्थ हा व्यंग्यार्थाकडे नेणारा मार्ग असतो. गोपनात तोच वाच्यार्थ मार्ग अडवून उभा राहतो. 'झीज होण्याचा प्रश्नच नाही' हे वाक्य वाचकाला 'सहभाजन' या शब्दाचा अर्थ शोधण्यास प्रवृत्त करीत नाही, त्या शोधाची गरज नाही असे आश्वासन देते. व्यंजना सहृदयावर विश्वास टाकते, गोपन मतदारावर अविश्वास दाखविते.

पिएर माशरे याने १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की कोणतीही साहित्यकृती तिला जे बोलता येत नाही त्यावर उभी असते, आणि समीक्षकाने ते मौन बोलते करावयाचे असते. या दृष्टीने श्वेतपत्रिका वाचणे उद्बोधक आहे. परंतु एक मर्यादा ओळखली पाहिजे. कादंबरीतील मौनाबद्दल आपण कादंबरीकाराला दोषी ठरवीत नाही. कादंबरीला कोणी प्रश्न विचारलेला नसतो आणि तिच्या उत्तरावर कोणाचा हक्कही नसतो. मतदाराचा तसा हक्क असतो. समीक्षेची पद्धती येथे उपयोगी पडते, तथापि निवाडा नीतिशास्त्राकडूनच घ्यावा लागतो.

५

असा निवाडा महाभारताच्या सभापर्वात सापडतो. द्रौपदीने प्रश्न विचारला आहे आणि सभेतील ज्येष्ठ गप्प आहेत. विदुर त्यांना सांगतो की धर्म जाणणारा जो पुरुष सभेत बसून प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याला असत्य बोलण्याच्या फळातील अर्धा वाटा मिळतो. प्रल्हादाच्या आख्यानातून तो या पापाची विभागणीही सांगतो. निंद्य गोष्टीची निंदा जेथे होत नाही तेथे अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे जाते, चतुर्थांश कर्त्याकडे आणि चतुर्थांश गप्प बसणाऱ्या सभासदांकडे. ही विभागणी मला विलक्षण समतोल वाटते. मौन म्हणजे पूर्ण असत्य नव्हे, हे ती मान्य करते. परंतु ते निर्दोष नव्हे, हेही सांगते. प्रमुखाचा वाटा अधिक ठेवते, पण सभासदाला मोकळे सोडत नाही. आधुनिक सभेत वृत्तपत्रांचे स्थान या सभासदांचे आहे.

याच निष्कर्षाप्रत कांट निराळ्या मार्गाने येतो. ज्या कृतीचा इतरांच्या हक्कांशी संबंध आहे आणि जिच्यामागील सूत्र जाहीर करता येत नाही, ती कृती अन्याय्य होय, अशी कसोटी त्याने १७९५ मध्ये मांडली. ही कसोटी ज्या ग्रंथाच्या परिशिष्टात आहे, तो ग्रंथ शाश्वत शांततेविषयीचा आहे आणि स्वतंत्र राज्यांचा संघ हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे. संघाचा पुरस्कार आणि प्रकटतेचा आग्रह कांटच्या ठायी एकत्र होते. त्यांतील पहिला घेऊन दुसरा टाकणे, ही नंतरच्यांची सोय.

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की मौन पूर्ण नव्हतेच. १९७५ मध्ये टोनी बेन आणि इनॉक पॉवेल यांनी सार्वभौमत्वाचा मुद्दा कंठरवाने मांडला होता. करारही गुप्त नव्हते, ते छापलेले होते. हे खरे आहे, आणि 'आम्हाला कधीच कोणी सांगितले नाही' ही नंतरची तक्रार त्यामुळे अतिशयोक्त ठरते. परंतु युधिष्ठिरही असत्य बोलला नव्हता. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द उच्चारले गेले होते. प्रश्न ते कोणत्या स्वरात उच्चारले आणि त्या वेळी कोणते शंख वाजत होते, हा आहे.

दुसरा आक्षेप एडमंड बर्कच्या परंपरेतला. लोकप्रतिनिधी मतदारांना आपला विवेक देणे लागतो, त्यांच्या आज्ञा पाळणे नव्हे, असे त्याने १७७४ मध्ये सांगितले. मात्र त्याने ते ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितले, आणि १७८० मध्ये ब्रिस्टलची जागा गमावून त्याची किंमतही मोजली. बर्कच्या आधाराने मतदाराशी मतभेद ठेवता येतो, त्याच्यापासून तो लपविता येत नाही. शिवाय प्रतिनिधीला मिळालेला अधिकार वापरण्यासाठी असतो. तो अधिकारच अन्यत्र सोपवावयाचा असेल, तर ज्याचा तो आहे त्याला विचारणे अधिकच आवश्यक ठरते.

तिसरा आक्षेप असा की हे प्रश्न सामान्य मतदाराच्या आवाक्याबाहेरचे असतात. मराठी वाचकाला याचे उत्तर दूर शोधावयास नको. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, हा राजकीय अस्तित्वाचाच प्रश्न होता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी शासनाने आधी राजीनामा दिला. मराठी दैनिकांत 'गोमन्तक' एका बाजूने आणि 'राष्ट्रमत' दुसऱ्या बाजूने लढले. विलीनीकरण फेटाळले गेले. विलीनीकरणाचे अग्रणी दयानंद बांदोडकर यांनी तो कौल मानला, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत तेच पुन्हा मुख्यमंत्री झाले. सामान्य मतदाराने दोन प्रश्न वेगळे ओळखले आणि दोहोंना वेगळी उत्तरे दिली. मोकळ्या वादानंतरचा निर्णय हरणाऱ्यालाही स्वीकारता येतो. मौनानंतरच्या निर्णयाला ही प्रतिष्ठा लाभत नाही.

६

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. त्या सार्वमतात मौन नव्हते, कोलाहल होता. संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड दिले जातात असा मजकूर रंगवलेली बस देशभर फिरली. तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असे तेथील अधिकृत सांख्यिकी प्राधिकरणाने सांगूनही ती फिरतच राहिली. दीर्घ मौनानंतर जे बोलणे आले ते सत्य बोलणे नव्हते, ही गोष्ट मौनाच्या टीकाकारांनी, अर्थात प्रस्तुत लेखकानेही, नोंदविली पाहिजे. मौन संपले म्हणजे सत्य प्रकटते असे नाही. सार्वभौमत्वाविषयी तपशिलाने, शांतपणे, नफातोटा मांडून बोलण्याची सवय असलेली भाषाच त्या समाजात पुरेशी घडली नव्हती. ती १९७० च्या, १९९२ च्या, २००५ च्या निवडणुकांत घडावयास हवी होती. ज्या शब्दांचा सार्वजनिक वापर होत नाही ते शब्द अर्थाने समृद्ध होत नाहीत, आणि अखेरीस घोषणा देणाऱ्याच्या हाती लागतात.

किलमुर यांनी १९६० मध्ये नेमके हेच बजावले होते. त्यांचे पत्र प्रवेशाच्या विरोधकाचे नव्हते. ऐक्याची कल्पना पटलेल्या, आणि म्हणूनच तिची किंमत लोकांना आधी सांगावी असे म्हणणाऱ्या माणसाचे ते पत्र होते. खंडीय ऐक्याला मौनाने काही दशके मिळवून दिली, हे नाकारता येणार नाही. त्या दशकांची संमती मात्र मौनातून गृहीत धरलेली होती. मौन हे संमतीचे लक्षण असे आपण म्हणतो, परंतु ते ज्याला प्रश्न विचारला आहे त्याच्या मौनाविषयी म्हणतो. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही ज्यांच्या वतीने गप्प बसले, त्या मतदाराच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येत नाही. विदुराने सांगितलेला अर्धा वाटा त्या ऐक्याच्या हिशेबात पहिल्यापासून जमा होत होता. ज्यांना ते ऐक्य मोलाचे वाटते, त्यांनी तरी तो आधी मान्य करावयास हवा.